नेट रोज संध्याकाळीच का जायचं

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर आणि वायफाय नीट करून देणं हे माझं काम आहे. बहुतेक दिवस सारखेच असतात, कोणाचा प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय, कोणी पासवर्ड विसरलंय, कोणाची केबल दाराच्या फटीत चेंगरलीय. पण एक केस मात्र सविस्तर लिहायचीच होती, कारण त्यात दुखणं कुठे आहे हे मशीनच्या आधी एका बाईंच्या वहीने सांगितलं, आणि ती वही माझ्या आधी येऊन गेलेल्या कोणीच उघडून बघितली नव्हती.

बाई म्हणजे एक रिटायर्ड शिक्षिका, मी त्यांना काकूच म्हणते. फोनवर पहिलं वाक्य हे की "अगं, मला राऊटर रिस्टार्ट करा असं सांगणार असशील तर येऊच नकोस, तेवढं मला येतं." तक्रार अशी की नेट अधूनमधून जातं, रिस्टार्ट केलं की कधी येतं कधी येत नाही, आणि असं बरेच महिने चाललंय. मधल्या काळात कंपनीचा माणूस येऊन लाईन चेक करून गेला, लाईन चांगली. एकाने राऊटरचा ॲडॅप्टर बदलला. एकाने सांगितलं लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या. आणि एका दुकानात तर विंडोज खराब आहे म्हणून त्यांचा लॅपटॉप सरळ फॉरमॅट करून दिला, आधी न विचारता, त्यात त्यांनी टाईप केलेली पत्रं, जुन्या विद्यार्थ्यांची यादी, सगळं गेलं. हे ऐकून मला खरंच राग आला. नेट चालत नाही म्हणून आलेल्या माणसाचा डेटा कोणी पुसतं का? जो लॅपटॉप दिवसभर व्यवस्थित चालतो आणि फक्त ठरावीक वेळी नेटला अडतो त्याच्या विंडोजवर हात टाकायची गरजच काय होती.

मी सकाळी गेले. आणि सकाळी अर्थातच सगळं मस्त चालू. तरी नेहमीचं सगळं बघून घेतलं, फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा लाल दिवा लागलेला नाही म्हणजे प्रकाश नीट येतोय, वायफायची रेंज हॉलमध्ये भरपूर, वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आजूबाजूच्यांचा गोंगाट फार नाही. तिथे 1, 6 आणि 11 हेच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत आणि काकूंचा राऊटर 11 वर एकटाच बसलेला होता. मग राऊटरला आणि बाहेर गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला बराच वेळ पिंग लावून ठेवला, म्हणजे सतत हाक मारून उत्तर येतंय का बघितलं, एकही पॅकेट हरवलं नाही. म्हणजे माझ्या हाताला काही लागलंच नाही. अशा वेळी "आता तर चालतंय ना, परत गेलं की फोन करा" म्हणून निघून जायची पद्धत आहे आमच्याकडे, आणि माणसाचा सगळ्यात जास्त त्रास त्यानेच वाढतो.

मी विचारलं, नेमकं कधी जातं काही आठवतंय का. काकू आत गेल्या आणि शंभर पानी वही घेऊन आल्या. रेघा मारून रकाने केलेले, तारीख, वेळ, काय बंद, काय चालू, काय केल्यावर आलं. म्हणाल्या, "ही मी प्रत्येकाला दाखवायला काढली, पण कोणी हातात घेतली नाही गं."

ती वही मी नीट बसून वाचली. पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती वेळ, जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी सातनंतरच्या. यावर कंपनीच्या माणसाचं उत्तर तयार होतं, संध्याकाळी सगळेच नेट वापरतात म्हणून लोड येतो, आणि ते ऐकायला पटणारं आहे, लोड येतो हे खरंही आहे. पण लोडने नेट हळू होतं, सगळ्यांचं हळू होतं. काकूंच्या वहीत मात्र लिहिलं होतं "लॅपटॉप बंद, टीव्ही चालू". दुसऱ्या दिवशी "लॅपटॉप चालू, टीव्ही बंद". मध्येच एका ठिकाणी "फोनवरचा वायफायचा पंखा गेला, 4जी दिसतंय". ही शेवटची नोंद तर मला फार आवडली, कारण वायफायला नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातात, माणसाला वाटतं फोनचं तर चाललंय, आणि अर्धी लक्षणं तिथेच झाकली जातात. काकूंनी तेवढंही टिपलेलं. लाईन किंवा मेन राऊटर गेला असता तर सगळ्यांचं एकदम जायला हवं. एकाचं जातं दुसऱ्याचं राहतं आणि रोज वेगळ्याचं जातं, म्हणजे बाहेरची लाईन सोडा, गडबड घरातच आहे.

दुसरी गोष्ट, वहीत मध्ये एक मोठी मोकळी जागा होती. त्या काळात एकही नोंद नाही. विचारलं तेव्हा काय वेगळं होतं, तर काकू म्हणाल्या काही नाही, नातू परीक्षेसाठी मित्राकडे राहायला गेला होता तेवढंच. नातू वरच्या खोलीत असतो, संध्याकाळी क्लासवरून येऊन कॉम्प्युटरवर बसतो. आणि त्याचं नेट? "त्याचं कधीच जात नाही, म्हणून तर तो म्हणतो आजी तुझाच लॅपटॉप खराब आहे."

मी म्हटलं काकू, मी संध्याकाळी परत येते, तोपर्यंत काहीही रिस्टार्ट करू नका.

संध्याकाळी गेले, नातू वर बसलेला, आणि थोड्या वेळात काकूंच्या लॅपटॉपवर पृथ्वीच्या गोळ्याची खूण आली, म्हणजे वायफाय जोडलेलं पण इंटरनेट नाही. आता रिस्टार्ट न करता कमांडची काळी खिडकी उघडून नेटवर्कची माहिती दाखवणारं आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं. 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर अर्थ असा असता की लॅपटॉपने पत्ता मागितला पण कोणी उत्तरच दिलं नाही, ते वेगळं दुखणं. इथे पत्ता मिळालेला होता, 192.168.0 वाला. गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, 192.168.0.1. डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा, तोच. आणि सकाळी मी याच घरात बघितलेला राऊटर 192.168.1.1 वर होता. माझ्या फोनवर बघितलं तर मला 192.168.1 मधलाच पत्ता. म्हणजे एकाच वायफायवर, एकाच हॉलमध्ये, दोन उपकरणांना दोन वेगळे पत्ते वाटणारे भेटलेले.

192.168.0.1 ब्राउझरमध्ये टाकला तर दुसऱ्याच कंपनीच्या राऊटरचं लॉगिन पान उघडलं. एआरपी स्लॅश ए करून त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाला बनवतानाच मिळालेला नंबर, बघितला, त्यातले पहिले सहा आकडे-अक्षरं कोणत्या कंपनीने बनवलंय ते सांगतात, तीही वेगळीच. काकूंना विचारलं घरात अजून एक राऊटर आहे का, म्हणाल्या छे, जुना होता तो केव्हाच काढला. मी वर गेले. टेबलाखाली धुळीत तो जुना राऊटर मजेत दिवे लावून बसलेला. नातवाला भिंतीतून एकच केबल आलेली आणि त्याला कॉम्प्युटर पण जोडायचा होता आणि गेमचा डबा पण, म्हणून त्याने जुन्या राऊटरचा वायफाय बंद करून तो नुसता केबल वाटायला लावला होता, पिवळ्या पोर्टात आलेली केबल, पिवळ्याच पोर्टातून पुढे दोन. आयडिया अजिबात वाईट नाही, मीही करते. फक्त वायफाय बंद केला तरी आत पत्ते वाटणारा डीएचसीपी चालूच राहिला होता. आणि हे सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डवर, तो खोलीत आला की बटण चालू, झोपताना बंद. म्हणून संध्याकाळ.

होतं काय, कुठलंही उपकरण वायफायला लागलं किंवा झोपेतून उठलं की घरभर ओरडून विचारतं, मला कोणी पत्ता देता का. बहुतेक उपकरणं ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतात. उत्तरात नुसता पत्ता नसतो, बाहेर जायचं दार कुठलं म्हणजे गेटवे आणि नावं कोणाला विचारायची म्हणजे डीएनएस, हेही असतं. जुना राऊटर प्रामाणिकपणे सांगायचा की दार मीच, पण त्याच्या इंटरनेटच्या निळ्या पोर्टात काहीच लावलेलं नाही, त्यामुळे त्या दारामागे भिंत. बरं, मिळालेला पत्ता काही मुदतीसाठी असतो, बऱ्याच घरगुती राऊटरमध्ये 24 तास, आणि अर्धी मुदत संपली की उपकरण आधी ज्याने दिला त्यालाच वाढवून मागतं, म्हणजे एकदा चुकीच्या हाती लागलं की लवकर सुटका नाही. मेन राऊटर रिस्टार्ट केला की वायफाय तुटायचं, सगळे परत पत्ता मागायचे, कधी खरा आधी बोलायचा कधी खोटा, म्हणून रिस्टार्टने कधी जमायचं कधी नाही. आणि नातवाचं का जात नव्हतं? त्याने गेमसाठी कॉम्प्युटरवर आणि त्या डब्यावर पण हाताने पत्ता आणि गेटवे भरून ठेवला होता, तो कोणाला विचारतच नव्हता.

हे मी काकूंना सांगितलं तर त्यांनी लगेच, "म्हणजे एकाच वर्गात दोन बाई रोल नंबर देतायत, आणि दुसरीचं नाव शाळेत नाहीच." अगदी तेच.

दुरुस्ती फार छोटी. जुन्या राऊटरमध्ये जाऊन डीएचसीपी बंद केला, त्याला स्वतःला 192.168.1.2 पत्ता दिला म्हणजे पुढे कोणाला त्याच्या सेटिंगमध्ये जायचं असेल तर सापडेल, मेन राऊटरमध्ये पत्ते वाटायची सुरुवात 10 पासून केली, नातवाच्या हाताने भरलेल्या पत्त्यांना वाटपाबाहेर ठेवलं. लॅपटॉपवर रिलीज, रिन्यू, म्हणजे जुना पत्ता सोडून नवा मागितला. नेट आलं. त्या जुन्या राऊटरवर कागद लावला, "फक्त केबलसाठी, रिसेट करू नये", कारण पिन घालून रिसेट केला की डीएचसीपी परत चालू होऊन हेच सगळं पहिल्यापासून.

वहीत अजून एक नोंद होती जिने मला थांबवलं. काकूंनी वैतागून नेटवर मदतीचा नंबर शोधला, सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल खुणांची यादी दाखवली, हे बघा व्हायरस, आता बँकेत लॉगिन करा म्हणजे तुमचं खातं सेफ आहे का बघतो. काकूंनी तिथेच लॅपटॉपचं झाकण पाडलं आणि वहीत लिहिलं "नेटसाठी फोन केला, याला बँक कशाला हवी?" किती बरोबर प्रश्न. त्या लाल खुणा कुठल्याही विंडोजवर असतात, माझ्या स्वतःच्या मशीनवर ढीगभर आहेत, किरकोळ काही अडलं तरी तिथे नोंद होते. सर्चमध्ये वर येणारा नंबर जाहिरात देऊन कोणीही वर आणू शकतो, नंबर घ्यायचा तो बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून. स्क्रीन दाखवणारी ॲप मीही वापरते, ती वाईट नाहीत, पण ओळखीच्या माणसासाठी आणि काम झालं की काढून टाकायची. लॅपटॉपवर ते ॲप पडलं होतं का बघितलं, तर फॉरमॅटमध्ये गेलेलं. तरी काकूंच्या मेल आणि बँकेचे पासवर्ड मी न बघता त्यांच्याकडूनच फोनवरून बदलून घेतले.

राहिली पुसलेली पत्रं. त्या लॅपटॉपला एसएसडी आहे, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी नव्या प्रकारची डिस्क, जुन्या हार्ड डिस्कवरून फॉरमॅटनंतरही पुष्कळदा काही परत मिळतं, एसएसडीमध्ये मात्र ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते, त्यामुळे खोटी आशा दाखवली नाही. पण विचारलं, पत्रं पाठवायचात कशी? मेलला जोडून. मग सेंटमध्ये शोधलं, अटॅचमेंट असलेल्या मेल वेगळ्या काढल्या, आणि एकेक करत पत्रं सापडायला लागली. सगळी नाही. विद्यार्थ्यांची यादी त्यांनी कोणाला कधी पाठवलीच नव्हती, ती गेली ती गेली. सापडलेली पत्रं एका फोल्डरमध्ये टाकून त्याची एक कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली, आणि दर रविवारी तो ड्राइव्ह लावून कॉपी करायचं काम नातवाने स्वतःहून घेतलं. यादी काकू आठवून आठवून परत लिहितायत, आत्तापर्यंत दोन बॅच झाल्यात.