मावशींना पण मीटिंगला बसवा

घरात म्हातारं माणूस असलं की डॉक्टर कमी पडत नाहीत, निदान आमच्या नेरूळमध्ये तरी नाही. हार्टचे वेगळे, हाडांचे वेगळे, लघवीच्या त्रासाचे वेगळे, शिवाय घरी येणारा फिजिओ आणि म्हाताऱ्यांना सांभाळायला ब्युरोने पाठवलेल्या मावशी. कमी पडतं ते यांचं आपसात बोलणं. प्रत्येकजण आपापलं काम नीट करतो, पण एकाने सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं काम मात्र घरच्यांचं, तेही पिशवीत फाईल घेऊन ओपीडीबाहेर ताटकळत.

माझ्या सासऱ्यांचंच सांगते. अण्णा ८१ वर्षांचे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन छान चालायला लागले होते आणि मध्येच चालणं सोडलं, उठलं की गरगरतं म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे बघितला, सांधा उत्तम. हार्टवाल्यांनी ईसीजी काढला, तोही ठीक, आणि दोघंही खरंच सांगत होते. मग फिजिओने व्यायामाआधी झोपवून बीपी घेतलं तर १४२, उभं करून दोन मिनिटांनी घेतलं तर ११०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर दुर्लक्ष करायचं नसतं, म्हातारी माणसं पडतात त्यामागे बऱ्याचदा हे निघतं.

पण बीपी कशामुळे उतरतंय, ते त्यालाही कळेना. ते कळलं मावशींकडून. त्या म्हणाल्या, "ताई, बाबा दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, मी ग्लास भरून ठेवते तो कुंडीत ओततात. रात्री मला सारखं उठवायला लाजतात ते." म्हणजे हार्टसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू, प्रोस्टेटच्या गोळीनेही बीपी उतरू शकतं, आणि त्यात पाणी बंद! फॅमिली डॉक्टरांनी स्वतः हार्टच्या आणि प्रोस्टेटच्या डॉक्टरांना फोन करून गोळ्यांच्या वेळा आणि डोस बदलून घेतले (हे कृपया घरच्या घरी करू नका), पाणी किती आणि कधी ते ठरवून दिलं, पलंगाशी युरिन पॉट आला. आता अण्णा लिफ्टपर्यंत जातात, कधी कधी खाली बाकावर पण बसतात.

तेव्हापासून मी याबद्दल वाचत सुटलेय. अमेरिकेत 'पेस' नावाचा कार्यक्रम आहे, त्याचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाऊनमधल्या 'ऑन लोक' या संस्थेत, १९७० च्या दशकातलं. नर्सिंग होममध्ये ठेवावं लागेल अशा अवस्थेतल्या म्हाताऱ्यांना स्वतःच्या घरीच राहता यावं, ही कल्पना. तिथे प्रत्येक माणसामागे एक टीम असते, डॉक्टर, नर्स, फिजिओ, आहारतज्ज्ञ, समाजसेवक वगैरे, आणि नियमानेच त्या टीममध्ये घरी काळजी घेणारी मदतनीस आणि ने-आण करणारा ड्रायव्हरसुद्धा असतो. ड्रायव्हर! मला हे फार म्हणजे फारच पटलं, कारण आजोबांना गाडीत चढताना आज जास्त वेळ लागला हे सगळ्यात आधी त्यालाच दिसणार ना.

आपल्याकडे अशी टीम बांधायचा खर्च कोण देणार हा मोठाच प्रश्न आहे. २०२४ पासून ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये घेतलं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, चांगलंच झालं, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी. घरी येणारा फिजिओ, मावशींचा पगार, डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्यात घातलेला वेळ, हे सगळं खिशातूनच.

आम्ही सध्या एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, त्यात फॅमिली डॉक्टर, फिजिओ, पुण्याची नणंद, मी आणि मावशी. मावशींना टाइप करायला जमत नाही म्हणून त्या व्हॉइस नोट टाकतात, किती खाल्लं, झोप लागली का, पायाला सूज आहे का, आणि डॉक्टर त्या ऐकतात, हे महत्त्वाचं. अडचण एकच, ब्युरो मावशी बदलतं तेव्हा सगळी माहिती त्यांच्याबरोबरच जाते, म्हणून आता जाणाऱ्या आणि येणाऱ्या मावशींनी एक दिवस एकत्र काम करायचं असं ब्युरोकडून कबूल करून घेतलंय, त्या दिवसाचे दोघींचे पैसे आम्ही देतो.

नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे महिन्यातून एकदा डॉक्टर, फिजिओ आणि आसपासच्या घरांतल्या मावशी एकत्र बसल्या तर? जागा आहे, खुर्च्या आहेत. नेरूळ-सीवूड्समधलं कोणी यासाठी अर्ज करायला बरोबर येणार असेल तर कळवा, मसुदा मी लिहायला घेतलाय.