तारण काकांचं

मुलीला जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालेला, फी नावापुरती, शैक्षणिक कागद तपासल्याचं, जर्मनीच्या व्हिसाला लागणारं एपीएस सर्टिफिकेट हातात. वडिलांची तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग. आणि वीस लाखांच्या कर्जाला बँकेत चालेल असं तारण त्यांच्याकडे एक रुपयाचं नव्हतं.

बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून हे सांगताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला पाठ झालंय. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजना आहे, त्याहून जास्त कर्जाला तारण लागतं. शेतजमीन चालत नाही, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नं ती वगळलीय. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता आम्हाला ती विकता येत नाही. गावठाणातलं घर म्हणाल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोन मोजणीनंतर मिळणारी मालकीची सनद यांच्या गावात अजून आलेली नव्हती. मुलगी देशातल्याच एखाद्या नावाजलेल्या संस्थेत गेली असती तर पीएम विद्यालक्ष्मी या सरकारी शैक्षणिक कर्ज योजनेत तारणाचा विषयच निघाला नसता.

बिगरशेती प्लॉट होता तो काकांचा, सांगलीत, दोन गुंठे. काका तयार झाले. वकिलाचा मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च झाला, व्हॅल्युअर जाऊन आला, मंजुरी आली.

जर्मनीच्या फायलीत एक खोच असते आणि ती सोडवण्यात मी स्वतःला वस्ताद समजतो. अमेरिकेच्या आय-२० साठी, म्हणजे व्हिसाआधी विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठी, बँकेचं मंजुरीपत्र पुरतं. जर्मनीला मात्र व्हिसाआधी खरे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाला दरमहा ठरावीक रक्कम सोडणाऱ्या खात्यात, दिसावे लागतात. २०२५ मध्ये ते वर्षाला ११,९०४ युरो होते, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. आमच्या मंजुरीपत्रात मात्र छापील अट, ‘व्हिसा मिळाल्यानंतरच वितरण’. व्हिसावाले म्हणतात आधी पैसे, आम्ही म्हणतो आधी व्हिसा. मग वरच्या ऑफिसकडून अट शिथिल करून घ्यायची. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून रक्कम परत मागता येते आणि ती कर्जखात्यातच वळती होईल, हे मुद्देसूद लिहावं लागतं. वर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे गोठवलेलं खातं वाटतं. परवानगी आली, पण शेवटी एक शेरा मारून : शेती उत्पन्नाचा सातबारा तीन महिन्यांपेक्षा जुना आहे, नवा जोडावा.

गहाणाच्या दिवशी तिघं आली. बाप, काका, मुलगी. दुसऱ्याच्या कर्जाला आपली मिळकत देणाऱ्याला मी एक गोष्ट तोंडानं सांगतोच. हप्ते थकले तर साठ दिवसांची नोटीस तुमच्याही नावानं येईल आणि त्यानंतर प्लॉट जाऊ शकतो. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या मते मी गिऱ्हाईक पळवतो. त्याची टार्गेटं पूर्ण होतात, ही गोष्टही खरी. काका शांत बसून ऐकत होते. म्हणाले, “ठावं हाय, सायेब.”

मग मुलीनं नवा सातबारा पुढे केला. डिजिटल सहीचा, पंधरा रुपये भरून तिनंच काढलेला. उत्पन्नाच्या हिशेबासाठी क्षेत्र बघायचं म्हणून जुन्याशेजारी ठेवला, तर वीस गुंठे कमी. मालकीबदलाचा नवा फेरफार, खाली काकांचं नाव. मी मान वर केली.

“दोघा भावांतलं हाय ते,” काका म्हणाले. वडील खिडकीतून पार्किंगकडे बघत होते.

बँकेच्या दृष्टीनं प्रश्न मिटलेला होता. उरलेल्या क्षेत्रावरही उत्पन्न बसत होतं, प्लॉटचा टायटल स्वच्छ होता. वीस गुंठ्यांबद्दल विचारायचा मला अधिकार नव्हता आणि फॉर्ममध्ये तसा रकानाही नाही. मी कागद काकांपुढे सरकवले.

मुलगीच बोलली. “सर, कर्ज निम्मं फिटलं की काकांचा प्लॉट मोकळा होतो का?”

नाही म्हणालो, शेवटच्या रुपयापर्यंत अडकलेला राहतो. पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. आमच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग मुदतीआधी फेडलं तर दंड लागतो का, शिकताना थोडं थोडं व्याज भरलं तर किती वाचतं, असं एकेक विचारत गेली. तिला फेरफार आधीच माहीत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. उतारा तिनंच तर काढला होता.

ती ऑक्टोबरमध्ये गेली. सहकारी म्हणतो, काकानं जोखमीची किंमत घेतली, त्यात वाईट काय? बँक जामीनदाराला चहा सोडून काय देते? यावर मला आजही उत्तर सुचत नाही. काकांचा रागही येत नाही, त्यांचा प्लॉट खरंच टांगणीला आहे. पण आमच्या नोंदी सांगतात की या मुलीवर वीस लाखांचं कर्ज आहे, आणि तो आकडा चूक आहे.

परवा कवठेमहांकाळचे एक जण आले. मुलाला आयर्लंडला जायचंय, सहा एकर, तारण नाही. भावाचा मिरजेत फ्लॅट आहे म्हणाले. मी कागदांची यादी द्यायच्या आधी विचारलं, “भाऊ काय मागतोय?”

ते हसले. “अजून इचारलं न्हाई. म्हटलं आधी तुमचा व्याजदर तर कळू दे.”