तास भरले म्हणून तेल बदलायचं?

अंबडच्या आमच्या कारखान्यात दरवर्षी एएमसीवाल्यांचं (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्यांचं) कोटेशन येतं: स्क्रू चिलर (पाणी थंड करणारं मशीन), ऑइल चेंज, मशीन चालल्याचे ठरलेले तास भरले म्हणून. परचेसचा मुलगा विचारतो, "भाऊ, पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू ना?" मी विचारतो, "तेलाचं सॅम्पल लॅबला गेलं का?"

मोटरसायकलच्या इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची काजळी तेलात उतरते. चिलरचं सर्किट बंद असतं, तिथे काही जळत नाही. तेल बिघडतं ते ओलाव्याने, आम्लाने, अति तापल्याने. आमचा चिलर आर-१३४ए या गॅसवर चालतो, म्हणजे तेल पीओई (पॉलिओल एस्टर, कृत्रिम तेल). ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी आणि उष्णता मिळाली की त्यातून आम्ल तयार होतं, मग ट्यूबचं तांबं सुटून बेअरिंगवर चढतं. थोडक्यात, कारण नसताना सर्किट उघडणं हेच दुखण्याला आमंत्रण. वॉरंटी असेपर्यंत मात्र मॅन्युअलमधले तास पाळावेत, तिथे वाद घालू नये.

सॅम्पल मशीन चालू असताना किंवा नुकतंच थांबल्यावर घ्यायचं. व्हॉल्व्हमधलं पहिलं तेल सोडून, कोरड्या बाटलीत. रिपोर्टमध्ये मी ओलावा, अ‍ॅसिड नंबर (तेलात आम्ल किती ते) आणि धातू बघतो, तेही मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून. आम्ल चढत असेल तर तेल आणि फिल्टर ड्रायर (सर्किटमधला ओलावा आणि कचरा धरणारा) दोन्ही बदला. ओलावा वाढला असेल तर आधी तो शिरला कुठून ते शोधा, नाहीतर नवं तेलही त्याच वाटेने जाईल. नुसतं लोखंड-कथील वाढत असेल तर बेअरिंग तपासा. तेल बदलून फक्त पुरावा पुसला जातो. नुसत्या काळपट रंगावर मी निर्णय घेत नाही. जळका वास आला तर मात्र रिपोर्टची वाट बघत नाही.

निफाड-पिंपळगावच्या अमोनियावाल्यांचं (ज्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गॅस म्हणून अमोनिया असतो) गणित वेगळं. तिथे तेल अमोनियात मिसळत नाही, जड असल्याने तळाशी बसतं. ते वेळोवेळी काढावंच लागतं. आणि घरच्या स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो. "सर्व्हिसमध्ये तेल बदलून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमच्याकडे तेल बदलायचं काम निघालंच तर मी जानेवारीत काढतो. हवा कोरडी, चिलरवर लोडही कमी. श्रावणात पीओईचा डबा उघडा ठेवून जेवायला जाणारा टेक्निशियन मला साइटवर नको. नव्या डब्यात ओलावा साधारण ५० पीपीएमच्या (दहा लाखात ५० भाग) आत असतो, उघड्यावर तो भराभर वाढतो. उरलेलं तेल पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. स्टोअरकीपरचा जीव तुटतो, तुटू दे.