एका श्वासात किती आकडे?

भातलावणीचे दिवस होते. पहाटे साडेपाचला एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या मेहुण्याने आमच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं. पोटात कळा येतायत, घसा दुखतोय, एवढीच तक्रार. रात्री जमिनीवर झोपला होता. काही चावल्याचं आठवत नाही. अंगावर खूण नाही, सूज नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पोटदुखीचं इंजेक्शन देऊन त्याला घरी धाडलं असतं. पण तो मान मागे टाकून, कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होता. पापण्या उचलतच नव्हत्या.

मण्यार.

"एका श्वासात आकडे म्हण बघू." २२पर्यंत गेला. सापाच्या लशीच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. अर्ध्या तासाने १४. मग ८. आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळवेना. निओस्टिग्मिन देऊन पाहिलं, फरक नाही.

"लस दिली ना सर? मग उतरत का नाही?" मेहुणा वायरमन होता, म्हणून सांगणं सोपं गेलं. मज्जातंतूत संदेश विजेसारखाच पळतो, सोडियमचे कण आत घुसत घुसत तो टोकापर्यंत जातो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी फट असते आणि तिथे वीज थांबते. टोकात कॅल्शियम शिरतं, अ‍ॅसिटिलकोलिनच्या बारीक पुड्या फुटतात, ते रसायन फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांना, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागांना लागतं, तेव्हा कुठे स्नायू आखडतो. नागाचं विष त्या ग्राहकांवर ठाण मांडतं. तिथे निओस्टिग्मिन चालतं, कारण ते अ‍ॅसिटिलकोलिनचा नाश थांबवतं आणि साठा वाढतो. मण्यार मुख्यतः तंतूचं टोकच निकामी करते. पुड्याच उरल्या नाहीत तर साठणार काय? लस रक्तात फिरणारं विष आवरते. मोडलेली टोकं शरीरालाच नव्याने उभारावी लागतात.

"म्हणजे डीपी चालू, लाइन चालू, मीटर जळालं," मेहुणा म्हणाला.

माझ्या प्राध्यापकांना हे इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं. फक्त हे मीटर आपोआप पुन्हा उगवतं, काही दिवसांत. तोवर श्वास आपण द्यायचा.

आकडे ५वर आले तेव्हा नळी घातली. व्हेंटिलेटर जिल्ह्याला, मध्ये घाट. १०८मध्ये मी आणि मेहुणा आळीपाळीने हाताने श्वास भरायची अ‍ॅम्बू बॅग दाबत होतो. दर चार-पाच सेकंदांनी एकदा, वळणावरही चुकवायचं नाही. अर्ध्या वाटेत टॉर्च मारला तर बाहुल्या फाकलेल्या, ढिम्म. बोट हलेना. मेल्यासारखाच दिसत होता. बाहुली लहान करणाऱ्या स्नायूलाही तोच निरोप लागतो आणि मेंदू मात्र जागा असतो, हे मला पाठ होतं. तरीही जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोनवर मी त्याच्या उशाशी बसून सांगितलं, "अवघड वाटतंय, नातेवाइकांना कल्पना देऊन ठेवा." मेहुणा खिडकीबाहेर बघत बॅग दाबत राहिला.

चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, आठव्या दिवशी नळी निघाली.

महिन्याभराने पोरगा चिकूची पिशवी घेऊन आला. पिशवी टेबलावर ठेवली आणि न विचारताच एका दमात आकडे म्हणायला लागला. ३४ला थांबला.

"सर, घाटात फोन कुणाला केला होता?"

मी शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले.