मुतखड्यापासून पॅराथायरॉईडपर्यंत: माझा अनुभव

दुसऱ्यांदा मुतखडा झाला तेव्हा मी ५४ वर्षांची होते. पहिला खडा कुळथाचं कढण आणि भरपूर पाणी पिऊन पडला होता. दुसरा दुर्बिणीतून काढावा लागला. मधली तीन वर्षं अंग सतत दुखायचं, विशेषतः पाठ आणि मांड्या. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे, बद्धकोष्ठता तर कायमचीच. पाचवीचा तास संपवून खुर्चीत टेकले की उठवत नसे. पाळी जाताना असं होतंच, असं सगळे सांगायचे आणि मलाही ते पटायचं. एका डॉक्टरांनी तर हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. दीड वर्ष एकही दिवस न चुकवता मी त्या घेतल्या. हे आठवलं की अजूनही जिवाला लागतं.

खडा काढल्यानंतर साताऱ्यातल्या एका फिजिशियन मॅडमकडे गेले. "घरात आहेत नाहीत तेवढे सगळे जुने रिपोर्ट घेऊन या," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन वर्षांचे तीन कागद टेबलावर ओळीने मांडले आणि पेनने एकेका आकड्याला गोल केला. कॅल्शियम १०.८, मग ११.१, मग ११.४. शेजारी छापलेली मर्यादा ८.५ ते १०.५. तिन्ही आकडे ठळक अक्षरात होते, पुढे 'हाय' असंही लिहिलेलं होतं. ते कागद मी स्वतः फाइलला लावले होते. कॅल्शियम जास्त म्हणजे चांगलंच, असं समजून.

मॅडमनी समजावलं ते मी तसंच सांगते. गळ्यात थायरॉईडच्या मागे बहुतेकांना चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, एकेक मसुराच्या दाण्याएवढी. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की त्या हार्मोन सोडतात, पुरेसं झालं की थांबतात. "तुमची टाकी भरून वाहतेय, तरी मोटार बंद होत नाही. पाणी विहिरीतून येतंय आणि विहीर म्हणजे तुमची हाडं." वाहून जाणारं पाणी मूत्रपिंडात उतरतं, तिथेच खडे होतात.

मोटार खरंच अडकली आहे का, हे ठरवायला दीड महिना गेला. आधी कॅल्शियमच्या गोळ्या बंद. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं थायझाइड होतं, त्यानेही कॅल्शियम वाढतं, म्हणून ती बदलली. मग रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉईड हार्मोन एकाच वेळी तपासलं. कॅल्शियम ११.३, हार्मोन १६८, त्याची वरची मर्यादा ६५. इथे मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली: कॅल्शियम वाढलेलं असताना हार्मोन अगदी मर्यादेत असलं तरी ते निर्धास्त होण्यासारखं नाही, कारण अशा वेळी ते खाली दबलेलं असायला हवं. ड जीवनसत्त्व १४ निघालं, तेही बेतानेच भरून काढायचं होतं.

मग २४ तासांची लघवी. पाच लिटरचा पांढरा कॅन न्हाणीघरात ठेवला, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि पुढची दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट सगळी जमा करायची. रविवार धरला, शाळेत कॅन कुठे नेणार? ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण टाळू नका. काही घराण्यांत जन्मतःच कॅल्शियम वाढलेलं असतं आणि लघवीतून फार कमी जातं. त्यांना ऑपरेशनचा उपयोग होत नाही. माझ्या लघवीतून भरपूर जात होतं.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत आकडा शून्याच्या जितका खाली, तितकं हाड विरळ. कंबर बरी होती, उणे १.९. मनगटाच्या वरचं हाताचं हाड मात्र उणे ३.१. या आजारात तिथलं हाड आधी झिजतं, त्यामुळे हाताचीही तपासणी करा असं मॅडमनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं होतं. खडे आणि हाडं, दोन्हींमुळे ऑपरेशन ठरलं. तोवर दूध बंद करायचं नाही, असंही बजावलं. आहारात कॅल्शियम फार कमी केलं तर ग्रंथी आणखी चेकाळते.

नातेवाइकांना मात्र 'थायरॉईड' एवढंच ऐकू यायचं. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, मलाही आहे, सकाळी एक गोळी घ्यायची, झालं." हा आजार वेगळा, ग्रंथी वेगळी, हे मी किती जणांना समजावलं असेल!

पुण्यात स्कॅन झाला. हाताच्या शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन थोड्या वेळाने एक फोटो आणि दोन तासांनी दुसरा. दुसऱ्या फोटोत थायरॉईड फिकट झालेली आणि डावीकडे खाली एक ठिपका तसाच, तीच बिघडलेली पॅराथायरॉईड. सोनोग्राफीतही तिथेच गाठ दिसली. निदान रक्तानेच होतं, स्कॅन फक्त सर्जनला जागा दाखवायला, त्यामुळे त्यात काही दिसलं नाही तर आजार नाही असं समजू नये, असं सर्जननी सांगितलं. त्यांनीच एक गंमत सांगितली: या ग्रंथी पहिल्यांदा सापडल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्यात, रिचर्ड ओवेन यांना, १८५० च्या सुमारास. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. हे ऐकताना थोडा वेळ भीती विसरले.

भीती आवाजाची होती. आवाजाची नस ग्रंथीला लागूनच जाते आणि माझं पोट आवाजावर.

ऑपरेशनच्या टेबलावरच रक्त तपासतात. हार्मोन काही मिनिटांत रक्तातून ओसरतं, त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ते निम्म्याहून खाली आलं की काम झालं असं समजतात. माझं १८२ वरून ४१ वर आलं. बाहेर बसलेल्या ह्यांना सर्जननी मोबाइलवर फोटो दाखवला: पांढऱ्या गॉजवर तपकिरी, गुळगुळीत, चिंचोक्याएवढी.

शुद्धीवर येताच मी नर्सला म्हटलं, "सिस्टर, पाणी." आवाज घोगरा, पण माझाच.

दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांच्या टोकांना. कॅल्शियम ७.९ होतं. भुकेली हाडं ते ओढून घेत होती. ज्या गोळ्यांनी मी दीड वर्ष नुकसान करून घेतलं, त्याच आता तीन वेळा घ्यायच्या होत्या. सहा आठवड्यांत त्या हळूहळू बंद झाल्या.

सहा महिन्यांनी कॅल्शियम ९.४. रात्री एकदाच उठते. हाताच्या हाडाची तपासणी वर्ष झाल्यावर, म्हणजे येत्या जूनमध्ये. माझ्या थोरल्या बहिणीलाही दोनदा खडा झालाय. तिच्या जुन्या फाइली घेऊन परवा तिला मॅडमकडे नेतेय.