उलटं जहाज दिसलं, पण पाक फसफसला

काल पहाटे दिसलं! काचपेटीमागं ठेवलेल्या टिनाच्या जहाजाच्या डोक्यावर, डोलकाठ्या खाली करून, दुसरं जहाज टांगलेलं. फ्लाइंग डचमन, म्हणजे दंतकथेतलं समुद्रावरचं भुताचं जहाज, यवतमाळ जिल्ह्यात, आमच्या ओसरीवर. दहा मिनिटं मी जागचा हललो नाही.

हा डचमन म्हणजे समुद्रावरचं मृगजळ असावं, म्हणून काचपेटीत खाली साखरेचा पाक, वर पाणी असे थर देऊन तो घरी करून बघतोय; मागच्या वेळी थरांपाशीच अडलं होतं. साध्या पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३, वजनानं निम्मी साखर असलेल्या पाकाचा १.४२. प्रकाश दाट भागाकडं वाकतो, म्हणून जहाज उचललेलं दिसतं. समुद्रावर हेच काम गार हवेवर पसरलेली गरम हवा करते. आपल्याकडं मे महिन्यात डांबरी रस्त्यावर नेमकं उलटं, गरम हवा खाली, म्हणून आभाळच रस्त्यात उतरतं.

पण पाणी ओतलं की पाकात मिसळून जायचं. थर्माकोलच्या चकतीवर थेंबथेंब सोडलं, तर सीमा इतकी पातळ की जहाज मधोमध चिरलेलं. शेवटी मधे अर्ध्या दाटपणाचा तिसरा थर घातला, विणायच्या सुईनं दोन्ही सीमा अगदी हळू ढवळल्या आणि पेटी रात्रभर झाकून ठेवली. सकाळी तपासायला पेटीतून सोडलेली लेसरची रेघ धनुष्यासारखी वाकली. किती दिवस वाट पाहिली होती त्या वाकाची!

आज दुपारी छताचे पत्रे तापले, पाक आंबला, बुडबुड्यांनी थर मोडले. अडीच किलो साखर गेली. आईला वाईट वाटलं, मलाही.

आता मिठावर जातो. संपृक्त मिठाच्या पाण्याचा (आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट) अपवर्तनांक १.३८च, म्हणजे जहाज कमी उचललं जाईल, पण मीठ आंबत नाही. पुड्यातल्या बारीक मिठानं पाणी धूसर होतं, म्हणून जाडं मीठ फडक्यातून गाळून घेणार.

लिहितालिहिता सुचलं, जहाज पुठ्ठ्याआड लपवलं तर? क्षितिजाखालचं जहाज, फक्त वरची प्रतिमा दिसणारं. खरा डचमन तोच.

तरी यानं डचमनची प्रत्येक कहाणी सुटते असं मी मानत नाही. ११ जुलै १८८१ ला पहाटे ४ वाजता इन्कॉन्स्टंट या ब्रिटिश युद्धनौकेवरून लाल उजेडातलं जहाज दिसल्याची नोंद आहे. पुढं पाचवा जॉर्ज झालेला राजपुत्र त्या वेळी जहाजावर होता. अंतर लिहिलंय २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८० मीटर. एवढ्या जवळ हवा प्रकाश इतका वाकवत नाही. पण काळोखात नुसता एक उजेड दिसला, तर अंतर बरोबर सांगता येतं का? पुठ्ठ्याआड लाल एलईडी लावतो, खोली अंधारी करतो आणि वाड्यातल्या पोरांना एकेक करून विचारतो, दिवा किती लांब आहे म्हणून.