एकोणतीसची बॉडी, बत्तीसची चासी: ए-व्ही-८ च्या कामाची नोंद

१० जून

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेलं काम अखेर टेबलावर आलं. १:२५ मापातलं प्लास्टिकचं मॉडेल: १९२९ च्या फोर्ड मॉडेल-ए रोडस्टरची (उघड्या गाडीची) बॉडी, तिच्याखाली १९३२ च्या फोर्डची चासी आणि पुढे फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे चपट्या हेडचं आठ सिलिंडरचं इंजिन. हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलणारे, या जोडीला ए-व्ही-८ म्हणतात. या वेळी स्वतःला एकच अट घातली आहे. ही गाडी १९४८ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर वेगाच्या धावेसाठी आपल्या पाळीची वाट बघत उभी आहे, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. त्यानंतर निघालेला एकही भाग गाडीवर चालणार नाही.

अट ऐकायला सोपी वाटते, पण किटाचा डबा उघडला की ती किती कडक आहे ते कळतं. पायासाठी घेतलंय रेव्हेल कंपनीचं १९२९ मॉडेल-ए रोडस्टर, गेल्या दशकात नव्या साच्यातून आलेलं. माझ्या मते पारंपरिक हॉट रॉड करणाऱ्यासाठी आजचं सगळ्यात कामाचं किट हेच. मॉडेल-ए ची बॉडी आणि बत्तीसची चासी एकमेकांवर बसवायचा त्रास त्यांनीच काढून टाकलाय, आणि चासीच्या बाजूच्या पत्र्यावरची ती लांब वळणदार कड इतकी सुरेख उतरली आहे की नुसती हातात धरून बघत बसावं. पण त्यात इंजिन आहे ब्युइकचं नेलहेड, आणि नेलहेड आलं १९५३ साली. म्हणजे ते बाद. जपून डबीत ठेवलंय, पुढच्या गाडीला येईल.

इंजिनासाठी मग रेव्हेलचं १९४८ फोर्डचं किट उघडलं. त्यातलं फ्लॅटहेड १:२५ मध्ये मला सगळ्यात आवडतं. ब्लॉकची रुंदी, हेडचा चपटेपणा, पुढे दोन्ही बाजूंना दोन वॉटर पंप, सगळं जागच्या जागी. शिवाय प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या वर समोरच बसवलेला, म्हणजे १९४९ च्या मॉडेलपासून बदललेल्या रचनेच्या आधीचा. माझ्या अटीत अगदी चपखल.

चाकं एएमटी कंपनीच्या १९४० फोर्ड कूपेमधून. हा साचा फार जुना आहे, भाग जाड आहेत, शिवणीच्या रेघा कानशीने काढाव्या लागतात. पण चाळीसची ती साधी पत्र्याची चाकं आणि त्यावरच्या टोप्या त्या काळच्या पोरांची पहिली पसंती होती. त्यामागे कारणही आहे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ साली दिले, त्याआधी सगळं काम सळ्यांवर आणि केबलींवर चालायचं. त्यामुळे जुन्या गाडीला व्ही-८ लावला की भंगारातून एकोणचाळीस-चाळीसचे ब्रेक आणायचे, आणि त्यांच्याबरोबर चाकंही यायची.

म्हणजे एका गाडीसाठी तीन किटं. घरी विचारलं गेलं, एका डब्यात गाडी पुरी होत नाही का? होते, पण मग ती हॉट रॉड होत नाही. त्या पोरांनीही असंच केलं होतं. मॉडेल-ए ची बॉडी हलकी आणि स्वस्त, बत्तीसची चासी मजबूत आणि व्ही-८ बसवायला तयार, इंजिन एखाद्या ठोकलेल्या नव्या गाडीतलं. हे सगळं भंगारवाल्याकडून गोळा करून घराच्या मागे जोडायचं. मीही तेच करतोय, फक्त पंचविसाव्या हिश्शात.

२२ जून

आज नुसती मापं. बत्तीसचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) १०६ इंच, म्हणजे १:२५ मध्ये १०७.७ मिमी. मॉडेल-ए चा १०३.५ इंच, म्हणजे १०५.२ मिमी. हा अडीच मिलिमीटरचा फरक बोनेटच्या लांबीत दिसतो, आणि याच लांबीमुळे ए-व्ही-८ चं नाक जरा पुढे आल्यासारखं वाटतं. ते तसंच हवं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना इथेच सांगतो: मोनोग्राम कंपनीची बत्तीसची किटं १:२४ मध्ये आहेत. तिथे तोच व्हीलबेस ११२ मिमी होतो. सुटे दिवे, स्टिअरिंग, डायल खपून जातात. पण १:२४ ची चासी १:२५ च्या बॉडीखाली घालू नका, साडेचार मिलिमीटर लपत नाहीत.

आता उंची. गाडीची ऐट चाकांच्या व्यासात असते. पुढे ५.००-१६, मागे ७.००-१६ असे टायर त्या काळी सर्रास असत. खऱ्यात पुढचा साधारण २६ इंच उंच आणि मागचा ३०, म्हणजे माझ्याकडे २६.४ आणि ३०.५ मिमी. खोक्यांतले सगळे टायर व्हर्निअरने मोजले आणि जवळची जोडी निवडली. गाडी पुढे झुकते ती आधी इथून.

पुढचा झुकाव अजून वाढवायला दोन गोष्टी केल्या. पुढचा अ‍ॅक्सल चार इंच खाली वाकवलेला दाखवायचा म्हणून मधला भाग चार मिलिमीटर खाली ठेवून दोन्ही टोकं पुन्हा जोडली, आत पितळी तारेची खुंटी घालून. आणि बत्तीसच्या चासीत पुढचा आडवा मेंबर मॉडेल-ए चा बसवला. खऱ्या गाडीत याने नाक जवळपास इंचभर खाली येतं, माझ्याकडे एक मिलिमीटर. एवढ्याने काय होतं असं वाटेल, पण फोटो शेजारी ठेवून बघा.

विशबोन, म्हणजे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारी बेचकी, फोर्डने मधोमध एका गोळ्यावर जोडली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलला की ती आड येते. म्हणून ती मधून कापून दोन्ही टोकं चासीच्या दोन बाजूंना बांधायची. मीही कापली. सुरीने कापताना हात थबकला, पण स्प्रिंगच्या आडव्या पाट्यासकट ती जागेवर बसल्यावर चासी एकदम जिवंत दिसायला लागली.

९ जुलै

फ्लॅटहेड. या नोंदीला वेळ लागला कारण काम संपतच नव्हतं.

पहिली गोष्ट सायलेन्सरच्या पाइपांची. फ्लॅटहेड व्ही-८ ला एका बाजूला चार सिलिंडर असले तरी एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकच्या आत एकत्र येऊन एकाच तोंडातून बाहेर पडतो. गरम धूर असा ब्लॉकमधूनच फिरवल्यामुळे ही इंजिनं तापायची. अनेक सुंदर मॉडेलांवर मी प्रत्येक बाजूला चार पाइप लावलेले पाहिलेत आणि मन खट्टू होतं. तीनच लावा. मी दीड मिलिमीटरची सोल्डरची तार वापरली. बोटांनी वळते, मोडत नाही, आणि वळणाच्या आतल्या बाजूला चपटी होत नाही.

दुसरी गोष्ट हेडच्या नटांची. एका हेडला २४ स्टड, दोन्ही मिळून ४८. साच्यातले निम्मे नट पुसट होते, ते खरवडले. त्या जागी किटातले भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती मेणबत्तीवर ताणून केलेल्या बारीक धाग्याचे तुकडे बसवले. प्रत्येक तुकडा पाऊण मिलिमीटरहून कमी रुंद. दोन संध्याकाळी गेल्या. वर अ‍ॅल्युमिनियमचा हलका हात मारल्यावर रांग अशी उठून आली की त्या दोन संध्याकाळींचं काही वाटलं नाही.

तिसरी गोष्ट वायरींची. इथे प्लगच्या तारा मोकळ्या लोंबत नाहीत, हेडच्या कडेने नळीतून जातात. मागच्या बाजूला शेवटचा तुकडा तेवढा दिसतो. ०.३ मिमीची तांब्याची तार पुरे.

कार्बोरेटर दोन, स्ट्रॉम्बर्ग ९७. हे नाव आतल्या ०.९७ इंचाच्या व्हेंचुरीवरून, म्हणजे हवा जाते त्या अरुंद गळ्यावरून पडलं. वरचं तोंड खऱ्यात २ ५/८ इंच, म्हणजे माझ्याकडे २.७ मिमी. त्यावर उभ्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या हव्या होत्या, आणि प्लास्टिकला ती धार येत नाही.

आमचे आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर लेथवर उभे राहिले. त्यांना कागदावर माप काढून दिलं. चष्मा वर सरकवून म्हणाले, "अरे, हे टाचणीच्या डोक्याएवढं आहे. पकडायचं कशात?" मी म्हटलं, "आण्णा, तुम्हीच सांगा." त्यांनी तीन मिलिमीटरचा रॉड घेतला, आधी भोक पाडलं, मग बाहेरून छिलला आणि शेवटी कापला. दोन नळ्या मागितल्या होत्या, सहा दिल्या. तोंडाला बाहेरच्या बाजूने जी बारीक गोलाई आहे ती त्यांनी कानशीने हाताने काढली, मी सांगितली नव्हती. या गाडीवर मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग तोच आहे.

२८ जुलै

आठ दिवस झड. पंचगंगेला पाणी वाढलंय, घरात कपडे वाळत नाहीत, आणि मी अशा हवेत काळा लॅकर मारला. दहा मिनिटांत बॉडीवर पांढरट झाक आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ रंगावर बसते. खरवडायची घाई केली नाही. चार दिवस बॉडी सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवली. उघडीप मिळाली त्या दुपारी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा मारला. वरचा थर जरा विरघळला, अडकलेली वाफ निघून गेली, काळा परत काळा झाला. पावसाळ्यात रंगवणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, पण आधी एका चमच्यावर करून बघा.

१६ ऑगस्ट

बॉडी दोन हजारच्या पाणपेपरने घासली, मग पॉलिश. आरशासारखी केली नाही. त्या काळची लॅकर हाताने घासलेली असायची, तिची चमक खोल पण मऊ असते.

क्रोमचे भाग ब्लीचमध्ये टाकून उघडे केले. अठ्ठेचाळीस सालच्या विशीतल्या पोराकडे सगळं क्रोम करायला पैसे कुठून असणार? अ‍ॅक्सल काळा, ड्रम काळे, चाकं गडद लाल. बत्तीसची जाळी तेवढी बॉडीच्या रंगाच्या चौकटीत. मागून दोन्ही बाजूंनी दोन-दोन पाण्याच्या होज, कारण व्ही-८ च्या रेडिएटरला प्रत्येक हेडचा वेगळा रस्ता लागतो.

जुन्या किटांच्या काळ्या टायरांबद्दल एक सूचना. त्यातलं मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येऊन प्लास्टिकच्या चाकाला खातं. माझी एक जुनी गाडी तीन वर्षं कपाटात होती, काढली तर चाकं टायरात वितळलेली. आता रिमवर आधी चिकटपट्टीचं अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळतो, मग टायर चढवतो.

७ सप्टेंबर

शर्यतीची तयारी. काच आणि तिची चौकट काढून टाकली, पुढचे दिवे काढले, त्यांच्या कंसांची भोकं तशीच ठेवली. तळ्यावर आल्यावर पोरं हेच करायची: रोज कामावर न्यायची गाडी, रविवारी पहाटे सुटी करायची. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे या धावा भरवू लागली. आधी मुरॉकच्या मोठ्या तळ्यावर, नंतर तिथे लष्कराचा तळ झाल्यावर एल मिराजला. मिठाच्या बॉनव्हिलला त्यांचा पहिला स्पीड वीक १९४९ मध्ये, म्हणून माझ्या गाडीवर मिठाचा कण नाही. नुसती तळ्याची फिकट, पिठासारखी धूळ. खडूची पूड ब्रशने चाकांच्या मागे, चासीखाली आणि मागच्या पॅनेलवर खालून वर विरत जाईल अशी लावली. सीटवर आणि डॅशवर अगदी थोडी.

दारावर नंबर पांढऱ्या पोस्टर कलरने, जाड ब्रशने, एका दमात. डिकॅल, म्हणजे छापील चिकटचित्र, वापरलं असतं तर सरळ आलं असतं. पण तो नंबर कुणीतरी सकाळी घाईत घातलेला असतो, आणि त्यातली दोन्ही अक्षरं एका उंचीची नसतात.

आता राहिलं आहे मागचं. मला १९३९ च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे दिवे हवेत, ती जोडी माझ्या तिन्ही किटांत मनासारखी नाही. कुणाच्या डबीत १:२५ मधली ज्यादा पडली असेल तर कळवा. बदल्यात आण्णांच्या हातच्या दोन नळ्या पाठवतो, चार शिल्लक आहेत.